चोच झाकणारा पक्षी

शामसुंदरराव खैरनारांच्या घरात सहा अल्बम होते आणि सहाही अल्बमांत सरोजिनीबाईंचा उजवा हात फार सुरेख आला होता.

लग्नात हात, डोहाळजेवणात हात, मुलीच्या बारशाला हात, आणि इगतपुरीच्या सहलीत तर पदरासकट हात. हसू आलं की तो हात मांडीवरून निघायचा आणि कॅमेऱ्याच्या आधी तोंडावर पोचायचा. चार बोटं, मधल्या बोटावर भाजल्याचा जुना डाग, आणि वर दोन मिटलेले डोळे. शामसुंदररावांना बायकोच्या हाताच्या शिरा पाठ झाल्या होत्या. त्या हातामागं जे होतं ते मात्र छत्तीस वर्षांत एकाही कागदावर उतरलं नव्हतं.

हातामागं एक दात होता. वरच्या रांगेतला, डावीकडचा. बसमध्ये जागा असूनही शेजाऱ्याला खेटून बसणारी काही माणसं असतात, त्यातला. सातवीत असताना शाळेच्या ग्रुप फोटोच्या वेळी फोटोग्राफरनं काळ्या कापडातून डोकं बाहेर काढून सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "दुसऱ्या रांगेतली ती, दात आत घे!" अख्खा वर्ग हसला. दात आत कसा घ्यायचा हे काही कोणी सांगितलं नाही, म्हणून सातवीतल्या त्या मुलीनं हात वर घेतला, तो आजतागायत. ही हकीकत सरोजिनीबाईंनी नवऱ्याला लग्नानंतर एकदाच सांगितली आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही अशी ताकीद दिली. एकदा कुठल्याशा लग्नात शामसुंदरराव न राहवून "अगं, हात काढ ना" म्हणाले, तर पुढचे दोन दिवस घरात फक्त भांडी बोलत होती.

आता शामसुंदररावांविषयी. चौतीस वर्षं ते सातपूरच्या एका कारखान्यात इन्स्पेक्टर होते. यंत्रावरून उतरलेला प्रत्येक भाग त्यांच्या टेबलावर यायचा. मापात असला की हिरवं लेबल, नसला की लाल. केसभर चूकही त्यांना खपायची नाही, त्यामुळं सगळा कारखाना त्यांना पाठीमागं 'लाल शाम' म्हणायचा. निवृत्त होऊन चार महिने झाले तरी शर्टाच्या खिशात व्हर्नियर होताच. व्हर्नियर म्हणजे मापाची ती पोलादी पट्टी, जिच्या जबड्यात वस्तू धरली की तिची जाडी कळते. मध्यंतरी त्यांनी पोळीची जाडी मोजून बायकोला दाखवली होती. तेव्हापासून घरात पोळ्या तेच लाटतात.

तर असा हा माणूस, आणि त्याला जगात सगळ्यात जास्त आवडणारी वस्तू कोणती, तर एक वाकडा दात.

त्याला कारणही तसंच होतं. नामपूरहून ते मुलगी बघायला नाशकात आले, तेव्हा मावशीनं एसटीतच बजावलं होतं, "शहरातली माणसं आहेत. तिथं आपलं अहिराणी शे-बिशे काढू नको, 'आहे' म्हणायचं. शुद्ध बोल." शामसुंदरराव अर्धा तास 'हो', 'नाही' आणि 'आभारी आहे' एवढ्यावर निभावून नेत होते. तेवढ्यात मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन आली. ट्रे डावीकडं कलला होता. नजर कललेल्या ट्रेवर पडली आणि तोंडातून निघून गेलं, "वाकडं शे!"

मावशीनं कपाळावर हात मारला. पण मुलगी जी हसली, ती खळखळून हसली, सगळे दात दाखवून. आणि शामसुंदररावांना तो दात दिसला. 'घरी जाऊन कळवतो' असं म्हणायचं ठरलं होतं, पण त्यांनी पोहे संपायच्या आत होकार देऊन टाकला. एवढ्या घाईनं त्यांनी आयुष्यात दुसरं काहीही पास केलं नाही.

पुढं लग्न झालं, आणि तो दात पुन्हा असा उघडा फारसा दिसला नाही. कधीमधी, चुकून, अर्धा.

आणि परवाच्या मंगळवारी सरोजिनीबाईंनी चहाचा कप खाली ठेवत जाहीर केलं, "डॉक्टरीणबाईंना दाखवून आले. तो दात हलतोय, काढावाच लागेल म्हणाल्या. पुढच्या गुरुवारी. त्या जागी नवा बसवणार. सरळ!" त्या इतक्या खुशीत होत्या की ही बातमी शेजारच्या लताबाईंना आधीच देऊन झाली होती. "साठाव्या वर्षी का होईना, मी सरळ हसणार हो!"

"छान," शामसुंदरराव म्हणाले. त्यांच्या हातात नऊ दिवस उरले होते.

पहिले दोन दिवस त्यांनी मोबाइलवर भिस्त ठेवली. एक्केचाळीस फोटो काढले. एक्केचाळीस हात आले. मोबाइल वर उचलला की सरोजिनीबाई सावध व्हायच्या, आणि सावध झाल्या नाहीत तर मोबाइल स्वतःच विचारात पडायचा आणि मग खटका वाजवायचा. तिसऱ्या दिवशी शामसुंदररावांनी ठरवलं, आता खरा कॅमेरा घ्यायचा. मोठ्ठा आणि वेगवान. हाताच्या आधी पोचणारा.

नाशकात शालिमारला 'अबरार फोटो' नावाचं दुकान आहे. अबरारभाईंनी तिथं चाळीस वर्षं पासपोर्टचे फोटो काढले, आणि त्यांची मुलगी झेबा हिनं दुकान हाती घेतल्यावर कपाटं काढून कॅमेरे लावले. झेबा तिशीची, बोलायला चटपटीत. गिऱ्हाईक आत शिरलं की ती आधी एकच प्रश्न विचारते.

"बोला काका, कशाचे फोटो काढायचेत?"

साधाच प्रश्न, पण शामसुंदररावांची बोबडी वळली. आपल्या मुलीच्या वयाच्या बाईसमोर 'माझ्या बायकोच्या दाताचे' असं कसं म्हणायचं? त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. भिंतीवर खंड्याचं पोस्टर होतं.

"पक्षी," ते म्हणाले.

"अरे वा! मग लेन्स लांबची हवी." झेबानं काउंटरवर तीन लेन्स मांडल्या. "ही पन्नास एमएम, ही दोनशे, आणि ही सहाशे. पक्ष्यांना सहाशेच लागते."

एमएम हा शब्द ऐकला आणि शामसुंदररावांच्या जिवात जीव आला. हे आपल्या गावचं निघालं! त्यांचा हात आपोआप खिशाकडं गेला. पन्नास एमएमची लेन्स त्यांनी व्हर्नियरच्या जबड्यात धरली, चष्मा वर केला, आकडा वाचला. आडवी धरून पुन्हा वाचला. मग गंभीरपणे लेन्स खाली ठेवली.

"बेटा, तुला फसवलंय कोणीतरी."

"काय झालं काका?"

"लांबी चाळीस पॉइंट दोन. व्यास एकोणसत्तर. पन्नास कुठंच येत नाही." त्यांनी सहाशेची लेन्स उचलली, दोन्ही हातांनीच उचलावी लागली, आणि पट्टी दोन टप्प्यांत लावली. "आणि ही तर दोनशे साठ! तीनशे चाळीस एमएम माल गायब आहे! आमच्याकडं असता तर अख्खा लॉट परत पाठवला असता मी. लाल लेबल लावून."

झेबानं काउंटरखाली वाकून काहीतरी शोधल्यासारखं केलं, कारण मोठ्या माणसासमोर हसणं बरं दिसत नाही. वर आली तेव्हा डोळे पुसत होती.

"काका, ती लेन्सची लांबी नसते. लांबचं दृश्य स्पष्ट दिसतं तेव्हा काचेपासून आतल्या सेन्सरपर्यंत जे अंतर धरतात ना, ते असतं ते."

"धरतात म्हणजे? प्रत्यक्षात नसतं?"

"असतं. पण व्हर्नियरला दिसत नाही."

व्हर्नियरला न दिसणारं माप! शामसुंदररावांना हे ऐकून राग यायला हवा होता, पण उलट गुदगुल्या झाल्या. साठीला जगात असं काही नवं निघेल याची त्यांना कल्पना नव्हती. मग झेबानं शटरचा वेग सांगितला, सेकंदाचा हजारावा भाग, आणि ते ऐकून तर त्यांनी कॅमेऱ्याला मनोमन नमस्कारच केला. जाताना झेबा म्हणाली, "तुमचा पक्षी किती चपळ आहे ते बघून या काका, म्हणजे नेमका कॅमेरा सांगते."

हे वाक्य तिनं दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर त्याचा काही परिणाम झाला नसता. पण सातपूरच्या माणसाला 'किती चपळ आहे ते बघून या' म्हणणं म्हणजे काय, हे तिला ठाऊक नव्हतं. कारखान्यात प्रत्येक कामगाराच्या हाताखालच्या कामाचा वेळ मोजतात, त्याला टाइम स्टडी म्हणतात. शामसुंदररावांनी घरात टाइम स्टडी सुरू केला.

हसू सुरू झाल्यापासून हात तोंडावर पोचेपर्यंत किती वेळ लागतो? मोजायला आधी बायकोला हसवायला हवं. शामसुंदररावांनी जन्मात विनोद सांगितला नव्हता. शुक्रवारी सकाळी सरोजिनीबाई मेथी निवडत होत्या, तर हे समोर येऊन उभे राहिले, एक हात पाठीमागं, त्यात मोबाइलचं घड्याळ.

"सरोज, बोल्ट नटाला काय म्हणाला?"

"काय?"

"तुझ्यावाचून मी सैल."

सरोजिनीबाईंनी आधी मेथीकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं, आणि विनोदाला नव्हे पण विनोद सांगणाऱ्याच्या चेहऱ्याला त्या अशा काही हसल्या की जुडी खाली पडली. हात वर गेला. पाठीमागं टिक झालं. शून्य पॉइंट चार सेकंद.

रविवारपर्यंत मिळून त्यांनी अकरा विनोद सांगितले आणि अकरा नोंदी वीजबिलाच्या मागं लिहिल्या. सरासरी शून्य पॉइंट चारच. मग स्वतःच्या बोटाचा वेग मोजला. हसू दिसल्यापासून बटण दाबेपर्यंत शून्य पॉइंट सहा. म्हणजे शामसुंदरराव छत्तीस वर्षं दर वेळी दोन दशांश सेकंद उशिरा पोचत होते. हे गणित सुटल्यावर त्यांना इतका आनंद झाला की बारावा विनोद त्यांनी घड्याळाशिवाय सांगितला.

"हे असं कधीपासून चाललंय?" लताबाईंनी जिन्यात सरोजिनीबाईंना विचारलं.

"शुक्रवारपासून. रिटायर झाल्यावर होतं का गं असं?"

"आमच्याकडं कुंड्या रंगवायला लागले होते," लताबाई म्हणाल्या. "हे बरं म्हणायचं."

सोमवारी शामसुंदरराव वीजबिल घेऊन पुन्हा दुकानात हजर.

"पक्ष्याचा वेग काढला," त्यांनी बिल काउंटरवर पसरलं. "पंख चोचीवर यायला शून्य पॉइंट चार सेकंद लागतात. फोटो त्याच्या आधी निघाला पाहिजे."

झेबानं नोंदी वाचल्या. पुन्हा वाचल्या. "काका, पंख चोचीवर?"

"हो."

"पंखानं चोच झाकतो तो?"

"दर वेळी."

"मी नांदूरमध्यमेश्वरला दर थंडीत पक्षी बघायला जाते. असा पक्षी नाही पाहिला कधी. कुठं दिसतो?"

"सातपूरला," शामसुंदरराव म्हणाले, आणि खोटं बोलायची सवय नसल्यामुळं त्यांनी पुढं खरं सांगितलं, "बहुतेक स्वयंपाकघराच्या आसपास."

"आणि झाकतो कधी? घाबरला की?"

"नाही. खूश झाला की." हे बोलताना त्यांचा चेहरा असा काही झाला की झेबाच्या ओठावर आलेला पुढचा प्रश्न तिथंच राहिला. "आणि बेटा, लवकर पाहिजे. गुरुवारच्या आत. गुरुवारनंतर त्याची चोच अशी राहणार नाही."

झेबानं मग त्यांना जे सांगितलं त्यानं ते खुर्चीवरून उठलेच. एक कॅमेरा असा होता की तो सेकंदात वीस फोटो काढायचा, आणि बटण अर्धं दाबून ठेवलं तर पुरतं दाबायच्या आधीचे फोटोसुद्धा साठवून ठेवायचा.

"आधीचे?" शामसुंदररावांचा आवाज चिरकला. "किती आधीचे? कालचे?"

"नाही हो काका. अर्धा सेकंद."

अर्धा सेकंद! त्यांना लागत होते दोन दशांश. छत्तीस वर्षांची थकबाकी भरून निघून वर शिल्लक राहत होती. भाव न विचारता ते "हाच" म्हणाले. कॅमेरा आणि त्यावरची सहाशेची लेन्स मिळून तान्ह्या बाळाएवढं वजन होतं. झेबा म्हणाली, नवा पीस येतोय, आला की फोन करते. काउंटरमागं खालच्या फळीवर मुठीएवढा एक काळा कॅमेरा होता, तोही तिनं दाखवून पाहिला. "हा पण बघा काका. पडदा वर उघडतो, पोटाजवळ धरून काढता येतो, आवाज होत नाही." शामसुंदररावांनी तो बघितला न बघितला केला. खेळणं दिसत होतं ते.

फोन मंगळवारी संध्याकाळी आला. तेव्हा शामसुंदररावांचे दोन्ही हात कणकेत होते.

"मी घेते," सरोजिनीबाई म्हणाल्या, आणि नवऱ्याला ऐकू जावं म्हणून त्यांनी स्पीकर लावला.

"काका, झेबा बोलतेय, अबरार फोटोमधून. तुमच्या पक्ष्यासाठीचा कॅमेरा आला. उद्याच या. आणि काका, राग मानू नका, पण मला कालपासून झोप नाही. त्याची चोच गुरुवारी कोण काढणार आहे? पक्ष्याची चोच काढणं गुन्हा आहे काका. माझ्या ओळखीचे एक जण वनखात्यात आहेत. आपण त्याला वाचवू!"

शामसुंदररावांच्या हातातली कणीक ओघळून परातीत पडली.

"उद्या येतो हं," सरोजिनीबाई फोनला म्हणाल्या. "दोघंही."

फोन ठेवून त्या वळल्या. "कुठला पक्षी?"

"दयाळ," शामसुंदरराव परातीला म्हणाले.

"गुरुवारी तुम्ही माझ्याबरोबर दवाखान्यात येणार होतात."

"येणार आहे की."

"मग त्याची चोच कोण काढणार?"

शामसुंदररावांनी त्या दिवशी चौदा पोळ्या लाटल्या आणि त्यातली एकही गोल नव्हती.

बुधवारी सकाळी दोघं बसनं शालिमारला उतरले. सरोजिनीबाई वाटेत नवऱ्याकडं चोरून बघत होत्या. त्यांना राग नव्हता आला, धास्ती वाटत होती. चांगला मापात चालणारा माणूस चार महिन्यांत विनोद सांगायला लागतो आणि पक्ष्यांच्या चोची काढायला निघतो, म्हटल्यावर कुणालाही वाटेल. शामसुंदरराव मात्र वेगळ्याच काळजीत होते. हातात उरला होता एक दिवस, कॅमेरा होता भला थोरला, आणि जिच्यापासून तो लपवायचा तीच शेजारी बसली होती.

दुकानात झेबानं सहाशेची लेन्स पेटीतून काढली.

"काकू, जरा धरता का? दोन्ही हातांनी हं. खालून आधार द्या, पडली तर आपण तिघंही रडत बसू." लेन्स सरोजिनीबाईंच्या हातात देऊन ती कॅमेरा जोडायला वळली, तर त्याची बॅटरी चार्ज नव्हती. "थांबा, लावते. तोवर काका, हा धरा, हाताला सवय होईल." तिनं तो मुठीएवढा कॅमेरा चालू करून त्यांच्या हाती ठेवला आणि बॅटरी लावता लावता सहज म्हणाली, "काकू, तुम्ही तरी पाहिला असेल ना तो पक्षी? सातपूरला असतो म्हणे, स्वयंपाकघराच्या आसपास. खूश झाला की पंखानं चोच झाकतो."

शामसुंदररावांना वाटलं, जमीन दुभंगावी. पाठोपाठ आपण व्हर्नियरसकट आत जावं.

सरोजिनीबाई लेन्स कवटाळून उभ्या होत्या. "पंखानं?"

"हो ना! काकांनी वेळसुद्धा मोजलाय. शून्य पॉइंट चार सेकंद. वीजबिलामागं अकरा नोंदी आहेत."

अकरा. सरोजिनीबाईंच्या डोळ्यांसमोरून बोल्ट गेला, नट गेला, मेथीची जुडी गेली. पाठीमागं लपवलेला तो एक हात गेला. त्यांनी हळूहळू मान वळवून नवऱ्याकडं पाहिलं.

"गुरुवारी," त्या म्हणाल्या. "चोच."

शामसुंदररावांनी नजर चुकवायला मान खाली घातली. खाली पोटाजवळ तो छोटा कॅमेरा होता, त्याचा पडदा वर उघडलेला, आणि पडद्यात सरोजिनीबाई होत्या, लेन्ससकट. पडद्याच्या मधोमध एक रेघ होती. कॅमेरा सरळ धरला की ती हिरवी होते, तिरका धरला की लाल. रेघ लालभडक होती. चौतीस वर्षांची सवय, मावशीची ताकीद, नऊ दिवसांची धावपळ, सगळं एकदम दाटून आलं आणि शामसुंदरराव ओरडले,

"वाकडं शे!"

सरोजिनीबाई हसल्या.

कशा हसल्या म्हणून सांगावं! आधी खांदे हलले, मग अख्ख्या सरोजिनीबाई. हात सवयीनं वर निघाला, पण हातात तान्ह्या बाळाएवढी लेन्स होती. उजवा सुटेना, डावा सुटेना, लेन्स टाकवेना आणि हसू थांबेना. आपला हात अडकलाय याचंच त्यांना आणखी हसू आलं. आणि तिथं, शालिमारच्या दुकानात, भर उजेडात, तो दात होता. शेजाऱ्याच्या अंगावर रेलून आरामात उभा.

ट्रे! शामसुंदररावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या दिवशीही दोन्ही हात ट्रेला होते!

त्यांचं बोट पडलं. आवाज झाला नाही. मग पुन्हा पडलं, आणि पुन्हा, आणि मग ते उचलायचंच विसरले.

झेबा चार्जर हातात घेऊन दोघांकडं आळीपाळीनं बघत होती. तिनं पाहिलं की काकूंची कोपरं वर उडतायत, तोंडाकडं जाऊ बघतायत. तिनं पाहिलं की काका रडतायत की हसतायत ते कळत नाही. "या अल्लाह," ती म्हणाली. "हाच का तो पक्षी?" आणि काउंटरखाली बसून पोट धरून हसायला लागली. या वेळी तिनं शोधल्याचं सोंग केलं नाही.

हसणं ओसरल्यावर सरोजिनीबाईंनी लेन्स काउंटरवर ठेवली, पदरानं डोळे पुसले आणि हात पुढं केला. "बघू."

शामसुंदररावांनी कॅमेरा दिला. फोटो तिरका होता. एका कोपऱ्यात पंखा आला होता, दुसऱ्यात झेबाची वेणी. लेन्स हलल्यामुळं पुसट झाली होती. पण मधोमध साठ वर्षांची एक बाई होती आणि ती तोंड भरून हसत होती.

सरोजिनीबाईंनी पडदा डोळ्यांजवळ नेला. त्यांनी स्वतःला असं कधी पाहिलंच नव्हतं. आरशासमोर कोण हसतं?

"ही मी?"

"हो."

"एवढी हसते मी?"

"त्याहून जास्त," शामसुंदरराव म्हणाले. आता लपवायचं काही उरलंच नव्हतं, त्यामुळं त्यांना बोलायला सोपं गेलं. "मला तो दात आवडतो सरोज. त्या दिवशी पोह्यांच्या ट्रेमागं दिसला, तेव्हापासून. तो जाणार म्हटल्यावर मला सुचेना काही. एक तरी फोटो हवा होता."

"आणि हे तोंडानं सांगता येत नव्हतं? छत्तीस वर्षं?"

"तू विषय काढू नको म्हणाली होतीस."

सरोजिनीबाईंनी पुन्हा फोटोकडं पाहिलं. मग नवऱ्याच्या खिशातल्या व्हर्नियरकडं पाहिलं, आणि कारखान्यातल्या त्या सगळ्या गोष्टी घरी ऐकून ऐकून पाठ झालेल्या असल्यामुळं त्यांनी विचारलं, "तिरका आहे. पंखा आलाय. काय, लाल लेबल का?"

"हिरवं," शामसुंदरराव म्हणाले.

झेबानं सहाशेची लेन्स पेटीत घातली. "काका, पहिल्याच दिवशी खरं सांगितलं असतं ना, तर मी हाच दिला असता. घरातली माणसं टिपायला हाच लागतो. लपतो, आवाज करत नाही." मग हसून म्हणाली, "सहाशेची लेन्स भाड्यानं मिळेल. फोटो काढायला नाही, काकूंना धरायला."

त्यांनी मुठीएवढा कॅमेरा घेतला. फोटोची प्रत झेबानं तिथंच काढून दिली आणि तिचे पैसे घेतले नाहीत.

गुरुवारी दवाखान्यात डॉक्टर आभा हातमोजे चढवत असताना सरोजिनीबाईंनी पर्समधून ती प्रत काढून त्यांच्यासमोर धरली.

"डॉक्टर, काढायचा तो काढा. पण नवा सरळ नको. हा असा होता तसाच बसवा."

डॉक्टर आभांनी फोटो पाहिला, सरोजिनीबाईंना पाहिलं. "काकू, अकरा वर्षं दवाखाना चालवतेय. वाकडा दात मागायला कोणी आलं नव्हतं हो. करू की. दात काढायच्या आधीच त्याचा साचा घेते." त्या फोटो उजेडाकडं धरून म्हणाल्या, "पण शेजारच्यावर नेमका किती चढलाय म्हणायचा हा?"

शामसुंदररावांचा हात खिशाकडं गेला.

"अहो!" सरोजिनीबाई खुर्चीतून म्हणाल्या.

"माप मी देतो डॉक्टर. दोन मिनिटांचं काम आहे."

"ते तोंडात घालायचं नसतं काका!"

"उकळून आणलाय," शामसुंदरराव म्हणाले. "कुकरला. तीन शिट्ट्या."

डॉक्टर आभांच्या हातातला आरसा ट्रेमध्ये पडला. आणि सरोजिनीबाई त्या तिरप्या खुर्चीत, डोक्यावरच्या झगझगीत दिव्याखाली, पार शेवटच्या दाढेपर्यंत हसल्या. हातात काही नव्हतं. दोन्ही हात मांडीवर होते, आणि तिथंच राहिले.

शामसुंदररावांनी गळ्यातला कॅमेरा पोटाशी घेतला, पडदा वर उघडला, रेघ हिरवी होईपर्यंत थांबले, आणि मग सावकाश बटण दाबलं.